आगमनकाळाच्या मेणबत्त्यांचा संच: गुलाबी तिसरीच लावा

साताऱ्यात नोव्हेंबर संपत आला की नाताळच्या सामानात हा संच दिसू लागतो: प्लास्टिकच्या पानांचं कडं, आठ इंची तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी आणि मधोमध ठेवायची जाड पांढरी. आगमनकाळ म्हणजे नाताळची वाट पाहण्याचा, आधीच्या चार रविवारांचा काळ; दर रविवारी एक नवी मेणबत्ती पेटवायची आणि आधीच्याही रोज लावत राहायच्या. संचाची किंमत 350 रुपये. कौटुंबिक उपासनेसाठी जरूर घ्यावा, पण थोडी डागडुजी करावी लागते.

सगळ्यात मोठी चूक खोक्यावरच्या चित्रात आहे. तिथे गुलाबी मेणबत्ती चौथी पेटवलेली दाखवली आहे. बहुतेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) चार रविवारांचा क्रम आशा, शांती, आनंद, प्रीती असा असतो आणि गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. लॅटिन उपासनेत त्या रविवारचं नावच ‘गौदेते’, म्हणजे ‘आनंद करा’. हे शब्द बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातले (4:4), आणि प्रेषित पौलानं ते बेड्यांत असताना लिहिले. जांभळा रंग पश्चात्तापाचा, वाट पाहण्याचा. वाट पाहणं संपलेलं नसतानाच गुलाबी उजळते आणि तिच्यानंतर पुन्हा एक जांभळी उरते. प्रभूची ओढ तशीच असताना मिळणारा आनंद तो हाच. गुलाबी शेवटी ढकलली की हा अर्थच हरवतो.

आता मेणाचा हिशोब. अशी मेणबत्ती तासाला साधारण एक इंच जळते. 2026 मध्ये आगमनकाळ 29 नोव्हेंबरला सुरू होतो, म्हणजे पहिली मेणबत्ती 24 डिसेंबरपर्यंत 26 दिवस लावायची. रोज अर्धा तास ठेवली तर ती 14 डिसेंबरला, आनंदाच्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी संपेल. वचन आणि प्रार्थना होईपर्यंत, दहा मिनिटंच लावा. मग 24 तारखेला चौघींची उंची अंदाजे पावणेचार, पावणेपाच, सहा आणि सव्वासात इंच राहते. सगळ्यात खुजी ती आशेची; तिनंच सगळ्यात जास्त दिवस वाट पाहिलेली असते. म्हणून मध्येच नवी आणून उंची सारखी करू नका.

कड्यातली भोकं सैल आहेत. मेणबत्ती कलली की एका बाजूनं ओघळते आणि लवकर संपते. बुडाला अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळून घट्ट बसवा. वात पाव इंच ठेवा. लांब राहिली तर काजळी धरते. पंखा बंद हवा. प्लास्टिकची पानं मात्र काढूनच टाका, ती पेट घेतात. त्याजागी मोरपंखीच्या ताज्या डहाळ्या ज्योतीपासून लांब, कड्याच्या बाहेरच्या कडेला लावा आणि दर शनिवारी बदला.

रंग वरून चढवलेला आहे, आत पांढरं मेण. त्यात वाईट काही नाही, उलट वात रंगानं तुंबत नाही.

सोबतची वाचनांची पत्रिका फक्त इंग्रजीत आहे, हे खटकतं. मराठी ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी आयुष्याची अखेरची वर्षं याच साताऱ्यात काढली आणि ख्रिस्ताची ओढ अभंगांत गायली. पत्रिका बाजूला ठेवा. मराठी शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, यशया 9:2 वाचा आणि टिळकांचं एखादं भजन म्हणा.

पांढरी मेणबत्ती चांगली आहे, दोन इंच जाड. नाताळच्या दिवशी ती पहिल्यांदा पेटवली की वरचं मेण कडेपर्यंत वितळू द्या, साधारण दोन तास. आधी विझवली तर मध्ये खड्डा पडतो आणि पुढे वात त्यातच बुडते.