जावाला इलेक्ट्रॉनिक कटआउट: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

चारही वायरी काळ्या. इलेक्ट्रॉनिक कटआउटच्या किटचे दोन हजारांच्या आसपास पैसे घ्यायचे, डबी एपॉक्सीने गच्च भरायची, वर चकचकीत स्टिकर लावायचं, आणि बाहेर येणाऱ्या चार वायरी मात्र एकाच काळ्या रिळातून कापायच्या. लाल-हिरवी वायर काय सोन्याच्या भावानं मिळते? असो, यावर मी पुन्हा येणारच आहे.

गाडी 1968ची जावा 250 मोटरसायकल, म्हैसूरला बनलेली. खिळ्यासारखी चावी, किक-गिअरला एकच दांडा, 45 वॉटचा डायनामो. तुम्हाला हे सांगायला नको. जुना कटआउट, म्हणजे डायनामो बॅटरीला आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, का काढला हेही बहुतेकांनी भोगलेलं असेल. त्याचे पॉइंट, म्हणजे उघडझाप होणारे संपर्क, चिकटले की इंजिन बंद असतानाही बॅटरी डायनामोतून उलटी रिकामी होत राहते. सकाळी किक मारून पाय दुखतो, आणि दुर्लक्ष केलं तर आर्मेचर, म्हणजे डायनामोचं फिरतं वाइंडिंग, जळतं. मग झाकण काढा, झिरो पेपर फिरवा, स्प्रिंग किंचित वाकवा. नाना पेठेत हे निव्वळ बोटाच्या अंदाजानं करणारे मिस्त्री होते. आता ती बोटं कमी उरलीत. इलेक्ट्रॉनिकमध्ये चिकटायला काही नसतंच. उलटा प्रवाह डायोड अडवतो, व्होल्टेज राखायचं काम ट्रान्झिस्टर करतो.

सुरुवातीला बेहद्द खूश होतो. जरा रेस दिली की चार्जिंगचा लाल दिवा पटकन विझायचा, आधीसारखा लुकलुकत बसायचा नाही. हेडलाइटची थरथर गेली. मित्रांना सांगत सुटलो होतो की घ्याच.

मग पाऊस लागला. रात्री भोरहून येताना कात्रजच्या गर्दीत ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला आणि गाडी बसली. ढकलून बाजूला घेतली, थोड्या वेळानं चालू झाली, पुढच्या सिग्नलला परत तेच. पळताना ठीक, उभी राहिली की दिव्याची मेणबत्ती. ज्याला विचारावं तो म्हणे, "साहेब, सहा व्होल्टच आहे, एवढाच उजेड पडणार." या एका वाक्याच्या आडोशाला जुन्या गाड्यांचे किती फॉल्ट सुखानं नांदत असतील देव जाणे.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, "बॅटरी चेक करा सर." बॅटरी चार्ज करून दुकानात लोड लावून तपासली, उत्तम निघाली. "मग अर्थ चेक करा सर." अर्थ म्हणजे गाडीच्या धातूतून बॅटरीच्या निगेटिव्हला करंट परतायची वाट. मिस्त्रीमामांनी मीटर बझरवर, म्हणजे जोड सलग असला की बीप देणाऱ्या सेटिंगवर, ठेवला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनला. खणखणीत बीप. अर्थ ओके, म्हणजे किटच खराब, असा निकाल मामांनी दिला. मीही तोवर परताव्याच्या भाषेवर आलो होतो.

खरं दुखणं त्या बीपमध्ये होतं. बझरवर मीटर अगदी मामुली करंट सोडतो. दहा तारांपैकी एक जरी शाबूत असली तरी तो आनंदानं ओरडतो. ओहमच्या रेंजवर पाहावं तर स्वस्त मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध शून्य पॉइंट दोन-तीन ओहम असतो, त्यात तेवढाच फॉल्ट लपून जातो. आणि सहा व्होल्टच्या गाडीला तेवढा फॉल्ट पुरतो. त्याच वॉटच्या दिव्याला बाराऐवजी सहा व्होल्ट दिले की करंट दुप्पट लागतो. वायर तीच ठेवली तर वाटेतली व्होल्टेजची घट दुप्पट, आणि मुळात व्होल्टेज निम्मं असल्यानं टक्क्यात चौपट. फिलामेंटच्या दिव्याचं व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर उजेड जवळपास तीस टक्के जातो. बारा व्होल्टला जी गोष्ट कुणाच्या लक्षातही येणार नाही, ती इथे गाडी रस्त्यात बसवते.

म्हणून बझर सोडला आणि इंजिन चालू ठेवून, हेडलाइट बंद करून, थोडी रेस देत डीसी व्होल्टवर मोजलं. किटच्या तोंडाशी 7.2 व्होल्ट. बॅटरीच्या खुंट्यांवर 6.4. मधले 0.8 गेले कुठे? एक प्रोब किटच्या बॅटरीकडच्या टोकाला, दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्हला: 0.1. मग एक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा इंजिनच्या अंगाला: 0.7. सापडलं. मामांचा बझर जिथे ओरडला होता, नेमकं तिथेच.

चेसिसला मागे पावडर कोटिंग करून घेतलं होतं. कोटिंगवाल्यानं अर्थच्या बोल्टखालचा पत्राही सुंदर काळा करून दिला. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकच, त्यातून वीज जात नाही. सगळा अर्थ फक्त बोल्टच्या आट्यांमधून चालला होता, आणि पावसात त्या गंजल्या. चार्जिंगच्या साडेतीन अँपियरला तिथे पाऊण व्होल्ट जात असेल, तर आयडलला, म्हणजे रेस नसताना सगळा भार बॅटरीवर असतो तेव्हा, एकट्या हेडलाइटचे सहा अँपियर, वर ब्रेकचा दिवा, हॉर्न आणि ठिणगी देणारी कॉइल, हे सगळं त्याच गंजलेल्या वाटेनं परतणार. कॉइलला उरणार काय? गाडी ब्रेक मारल्यावरच का बसायची याचं उत्तर मिळालं.

कोटिंग खरवडून पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर टाकला, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावलं. शिवाय इंजिनच्या बोल्टपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जाड वायर वेगळी ओढली. खर्च विचाराल तर चहापेक्षा थोडा जास्त. आता बॅटरीवर 7.1 मिळतात. आयडलला दिवा अजूनही पिवळट पडतो, पण गाडी बसत नाही.

तेव्हा परताव्याचं बोलणं मी मागे घेतलं आणि किटबद्दलचं मत वर नेलं. बिचारा सगळ्या काळात आपल्या तोंडाशी 7.2 इमानदारीनं राखून होता. पुढे वाटेत काय होतंय ते त्याला दिसत नाही. उरलेल्या पावसात एकदाही हात लावावा लागला नाही. यंत्राला पाचपैकी पाच.

बारा व्होल्टचा विचार डोक्यात होता, तो मात्र सोडला. त्याच डायनामोतून बारा व्होल्ट काढता येतात आणि ताकदही जास्त मिळते, पण चार्जिंग सुरू व्हायलाच रेस जास्त लागते. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ती द्यायची कुठे? वर बॅटरी, सगळे बल्ब, हॉर्न, कॉइल नवीन. एवढे पैसे पेट्रोलला लावीन.

आता वायरी. ओळखायला प्रत्येकीवर कागदी बिल्ला होता: बॅटरी, डायनामो, फील्ड (डायनामोची स्थिर कॉइल), अर्थ. पहिल्याच धुण्यात चारही बिल्ले लगदा होऊन गेले. साइड बॉक्स रंगवायला किट काढायची वेळ आली तेव्हा समोर डबी आणि चार काळ्या शेपट्या. एपॉक्सीमुळे आत बघायची सोय नाही, आणि चुकीची जोडली तर डबी जळणार. विक्रेता म्हणाला, "काढण्याआधी फोटो काढायचा ना सर." काढलाय की! फोटोत चार काळ्या वायरी दिसतात. शेवटी किट न काढताच हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरिंगच्या, बाजूनं ओळख पटवली. इंजिन बंद, एकेक जोड सोडवून मोजायचं: जिथे बॅटरीचे सव्वासहा व्होल्ट दिसतात ती बॅटरीची, अर्थशी सरळ जोडलेली ती अर्थची, राहिलेल्या दोनांपैकी जिचा रोध जास्त ती फील्डची. मग घरातून नेलपेंटच्या चार बाटल्या आणल्या आणि प्रत्येकीला तिचा रंग दिला. जे काम कारखान्यात फुकटात झालं असतं त्यासाठी माझा रविवार गेला, आणि फिकट गुलाबी म्हणजे फील्ड हे आयुष्यभर लक्षात ठेवणं आलं. वायरींना शून्य. यावर तडजोड नाही.

घेणार असाल तर घ्या, पण डबी उघडताच आधी वायरी रंगवा आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतचा व्होल्टेज ड्रॉप मोजा. शून्य पॉइंट एकच्या वर आला तर आधी तो मिटवा. जुना कटआउट फेकू नका. माझा साफ करून डब्यात ठेवलाय. त्याला परवा जुन्या बाजारात या किटपेक्षा जास्त भाव सांगितला गेला. अजून वाढेल म्हणून दिला नाही.