कबरीचा दगड आणि त्यावरील वचन: तालुक्याच्या गावातील एका दगडकामाच्या दुकानाविषयी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर, जिनिंगच्या ओळीला लागून दगडकामाचे एक जुने दुकान आहे. देवळाच्या पायऱ्या, तुळशीवृंदावने, कोनशिला, पाटे-वरवंटे आणि समाधीचे दगड तेथे एकाच छपराखाली तयार होतात. आईच्या कबरीचा दगड मी तेथून करून घेतला. दगडावर जे कोरायचे त्याचा अर्थ समजून घेतल्याशिवाय तेथील मालक छिन्नी उचलत नाहीत, आणि हीच त्या दुकानाची सर्वांत मोठी गुणवत्ता आहे असे माझे मत झाले.

आधी कामाविषयी. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे वरवर बसवलेला दगड दोन-तीन वर्षांत कलतो. कबरस्तानातील निम्मे दगड असेच तिरपे झालेले आहेत. या दुकानाने दफनानंतर एक पूर्ण पावसाळा जाऊन कबरीची माती खाली बसेपर्यंत दगड बसवण्यास नकार दिला. नंतर उशाकडील बाजूला मुरूम लागेपर्यंत खणून काँक्रीटचा पाया घातला आणि त्यात काळ्या ग्रॅनाइटची दोन इंच जाडीची शिळा उभी केली. नाव व तारखा यंत्राने कोरल्या, वचन मात्र हाताने कोरले, कारण यंत्राने काढलेल्या बारीक जोडाक्षरांचे काठ उडतात असा मालकांचा अनुभव आहे. मजकूर प्रथम कागदावर पूर्ण आकारात काढून त्यावर माझी सही घेतली. त्या कागदावर ‘पुनरूत्थान’ असे दीर्घ ऊकाराने आले होते. ते तेथेच दुरुस्त झाले.

वचन बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातले होते: ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे.’ भावाच्या मृत्यूने खचलेल्या मार्थेला बेथानी गावाजवळ येशूने उद्देशून म्हटलेले हे शब्द आहेत. ते वाचून मालकांनी हातातला कागद खाली ठेवला आणि विचारले, “भाऊ, हे आत्म्याचं म्हणता का देहाचं? देह तर मातीत गेला.” जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे नवी नाहीत, युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत यवतमाळलाच होती. तरीही हा प्रश्न मला इतक्या सरळपणे यापूर्वी कोणी विचारला नव्हता. बहुतेक जण ‘म्हणजे पुढचा जन्म’ असे मनाशी धरतात आणि सौजन्याने मान हलवतात. मी सांगितले की आमची श्रद्धा देहाविषयीच आहे: पुन्हा दुसऱ्या कोणाच्या पोटी जन्म नाही, तीच व्यक्ती, नव्या व अविनाशी देहासह. प्रेषित पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या, बायबलमधील पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात यासाठी पेरलेल्या दाण्याचा दृष्टांत दिला आहे, आणि कापूस-तुरीच्या मुलखात तो समजावून द्यावा लागत नाही. मालक म्हणाले की दाणा त्यांना पटतो, पण दाण्याच्या आत कोंब असतो. माणसाच्या आत तो कोठे आहे? पौलाचे उत्तर असे की ते सामर्थ्य मृताचे स्वतःचे नसून देवाचे आहे. ते त्यांना पटले असे मी म्हणणार नाही.

तेथे गजानन महाराजांच्या मंदिरासाठी पादुका करून घ्यायला आलेले एक वृद्ध माळकरी बसले होते. त्यांची प्रतिक्रिया मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटली. येशू मृत्यूनंतर शिष्यांना भेटला यात त्यांना काहीच अवघड वाटले नाही. माउलींची आळंदीची संजीवन समाधी, तुकोबांचे सदेह वैकुंठगमन, आणि १९१० साली समाधिस्थ झालेल्या महाराजांचे आजही भक्तांना होणारे दर्शन, या सर्वांच्या पंक्तीत त्यांनी ते सहज बसवले. ते अडखळले ते माझ्या आईपाशी. संताचे समजू शकते, पण शेतात निंदण करणाऱ्या, कोणाला ठाऊक नसलेल्या बाईचा देह कशासाठी उठावा? ख्रिस्ती श्रद्धेचे खरे धारदार टोक येथेच आहे. पौल ख्रिस्ताला ‘प्रथमफळ’ म्हणतो, म्हणजे मागून उरलेले पीक यायचे आहे, आणि त्या पिकात निंदण करणारी बाईही आहे. मला ही श्रद्धा प्रिय आहे ती यासाठीच.

संगणकावर अक्षरांची मांडणी करणारा तरुण बौद्ध आहे. त्याच्या आजोबांनी १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा घेतली होती. येशू मेलेल्यातून उठला याचे साक्षीदार कोण, असे त्याने विचारले. मी पौलाची यादी सांगितली: केफा म्हणजे पेत्र, बारा शिष्य, एका वेळी पाचशेहून अधिक बंधू, मग याकोब, आणि हे पत्र वधस्तंभाच्या घटनेनंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आत लिहिलेले आहे. त्याने शांतपणे सांगितले की साक्ष म्हणजे प्रमाण नव्हे, आणि आत्मा व परलोक मानण्याचे त्याला कारण दिसत नाही. मला त्यात अनादर जाणवला नाही. शुभवर्तमानातला येशूचा शिष्य थोमाही हात लावून पाहिल्याशिवाय मानायला तयार नव्हता, आणि रिकाम्या कबरीची बातमी आणणाऱ्या स्त्रियांचे बोलणे प्रेषितांना प्रथम बरळणेच वाटले होते. अथेन्समध्ये पौलाचे ऐकून काहींनी थट्टा केली, काही म्हणाले की पुन्हा केव्हातरी ऐकू, आणि मोजक्यांनी विश्वास ठेवला. या दुकानात थट्टा कोणीही केली नाही.

सर्वांत कोमट प्रतिक्रिया माझ्याच नातेवाइकांची होती. वचनापेक्षा ‘आत्म्यास शांती लाभो’ एवढेच पुरे, असे दोघा-तिघांचे म्हणणे पडले. दर रविवारी चर्चमध्ये श्रद्धेची कबुली देताना ‘देहाचे पुनरुत्थान’ म्हणणारे आपण, कबरीपाशी आल्यावर तेवढेच शब्द टाळतो, हे मला खटकले, आणि मी वचन बदलले नाही.

दगड, कोरीवकाम, पाया आणि वाहतूक मिळून १४ हजार रुपये झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी याहून अधिक सांगितले होते. उणिवा दोन आहेत. सांगितलेल्या तारखेपेक्षा बराच उशीर झाला, आणि अक्षरांत भरलेला सोनेरी रंग पहिल्याच उन्हाळ्यात फिका पडला. अक्षरे खोल असल्यामुळे वाचायला अडचण येत नाही, तरी नव्या ग्राहकांनी पांढराच रंग मागावा. पावती आठवणीने घ्यावी, मजकूर स्वच्छ अक्षरात लिहून न्यावा, आणि मालक स्वतः असतील अशा वेळी, म्हणजे बाजाराचा दिवस सोडून, सकाळी जावे.