१८,००० ला तीन 'मिल्क स्नेक' घेतले, निघाले कवड्या

हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्या. घरात, कारखान्यात, गल्लीत सगळ्यांचं हसून झालंय. पण ज्याने मला हे साप विकले तोच माणूस कोल्हापुरातल्या आणखी दोन पोरांशी बोलतोय असं परवा कळलं, म्हणून लाज गुंडाळून लिहितोय.

मांडुळाच्या सौद्यात लाखो घालवलेल्यांच्या बातम्या वाचून मीच म्हणायचो, हावरट लेकाचे. माझं तसं नव्हतं. मला गुप्तधन काढायचं नव्हतं की साप पुढं विकायचा नव्हता. सहा महिने वाचून मी मिल्क स्नेक ठरवला होता. अमेरिकेतला, बिनविषारी, अंगावर लाल-काळे-पिवळे पट्टे. तिकडं तो गोठ्यात दिसायचा, म्हणून गाईचं दूध पितो अशी समजूत झाली आणि नाव पडलं. खरा येतो तो उंदरांमागे. आपण तरी नागपंचमीला वाटी पुढं करतोच की. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या माणसाला हा साप आवडला, यात माझं काय चुकलं?

माणूस इन्स्टावर भेटला. 'दादा दादा' करत बोलायचा. पिल्लू ६,५०० ला, तीन घेतली तर १८,०००. मी म्हटलं, माझ्या नावाची चिठ्ठी शेजारी ठेवून फोटो पाठव. पाठवला. चिठ्ठी इतकी सरळ आणि स्वच्छ होती की तिची सावलीसुद्धा पडली नव्हती. हे मला आज दिसतं. ५,००० ॲडव्हान्स, गाडीत पार्सल टाकल्यावर १३,०००, गाडीभाडं १,२००, 'कागदपत्रांचे' २,४००.

पहाटे साडेपाचला कावळा नाक्यावर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून खोकं मिळालं. वर लिहिलेलं 'मोबाइल ॲक्सेसरीज'. आत भोकं पाडलेला श्रीखंडाचा डबा आणि डब्यात तिन्ही पिल्लं एकत्र.

इथंच थांबायला हवं होतं. मिल्क स्नेक दुसरा साप गिळतो, भावंड असलं तरी. म्हणून पिल्लं अंड्यातून बाहेर आली की वेगळी ठेवतात, एका डब्यात एकच. हे मला पाठ होतं. मी स्वतः तीन वेगळे डबे आणून ठेवले होते! ज्याने आयुष्यात एकदा जरी ही जात पाळलीय तो तीन पिल्लं एका डब्यात घालणार नाही. आणि मी काय केलं? 'बिचारी दमली असतील' म्हणून डबा जॅकेटमध्ये घेऊन घरी आलो.

उजेडात बघितलं तर लाल रंगाचा पत्ता नाही. काळपट तपकिरी अंग, पांढरट पट्टे. फोन लावला. म्हणाला, "दादा, ही ब्लॅक मिल्क आहे, महागातली. रंग तिसऱ्या कातीनंतर खुलतो." आता ऐका. ब्लॅक मिल्क नावाची जात खरीच आहे, पण तिचं पिल्लू रंगीत जन्मतं आणि वाढता वाढता काळं पडतं. बरोब्बर उलट! एकूणच मिल्क स्नेकचं पिल्लू जन्मतःच सगळ्यात झळझळीत असतं. हेही मी वाचलेलं होतं. तरी 'हो का' म्हटलं. का म्हटलं, ते आजही रात्री आठवलं की उशीत तोंड घालावंसं वाटतं. २१,६०० गेलेल्या माणसाला 'महागातली' हा शब्द गोड लागतो, एवढंच.

त्यात वर 'नोंदणी फी' म्हणून ३,५०० आणखी दिले. ज्या परदेशी जातींची नोंदणी लागते ती मालकाने स्वतः केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असते, विकणाऱ्याच्या यूपीआयवर नाही. त्याने पाठवलेल्या 'सर्टिफिकेट'वर प्राण्याचं नावसुद्धा नव्हतं.

पिल्लं पिंकी (नुकती जन्मलेली, बिनकेसांची उंदराची पिल्लं) खाईनात. विकणाऱ्याकडं त्यालाही कारण तयार, आणि नेमकं ते अर्धं खरं होतं. काही पिल्लं आधी पालच मागतात, पिंकीला पालीचा वास लावून फसवावं लागतं. मी न्हाणीघरातली पाल धरून घातली. एकाने मटकन गिळली. मी स्टेटस ठेवलं! (खाण्याची नोंद आणि खातानाचा व्हिडिओ पैसे देण्याआधी मागा. कात टाकून तीन-चार वेळा पिंकी खाल्लेलं पिल्लूच घ्यायचं असतं.)

दहाव्या रात्री पाणी बदलताना एक बोटाला चावलं. रक्त आलं. आई मागं उभी होती, ती किंचाळली, "मण्यार!" माझे पाय गार पडले. गल्लीतल्या सर्पमित्राला उठवलं. त्याने बॅटरी मारली आणि भिंतीला टेकून हसायलाच लागला. "भावा, कवड्या हाय ह्यो. पालीमागं घरात येतोय. तुझ्याच भिंतीवर फुकट गावला असता." कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडं पुसट होतात, मण्यारीचे मानेशी नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडं ठळक. पण चावल्यावर पट्टे मोजत बसू नका, थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठा. त्या डब्यात चुकून मण्यारीचं पिल्लू असतं तर हे लिहायला मी नसतो.

मग सुरू झाला खरा तमाशा. आपल्याकडचा साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा, म्हणून मी स्वतःच्या पायाने दोन जिवंत आणि एक मेलेलं पिल्लू घेऊन वनखात्याच्या कार्यालयात गेलो. तीन तास बसवून माझाच जबाब. कुठून आणले, किती दिवस ठेवले, आणखी कुठं लपवलेत. विकणाऱ्याचा नंबर मी चार वेळा पुढं केला, चारही वेळा "ते पोलिसांचं" म्हणून परत. पोलिसांत गेलो तर साहेब म्हणाले, "साप द्यायचं ठरलं, साप दिले. फसवणूक कुठं झाली?" शेजारचा हवालदार म्हणाला, "कुत्रं पाळायचं की." अर्ज घेतला, पोच दिली नाही. पुढच्या आठवड्यात गेलो तर अर्ज सापडेना, नवा लिहायला सांगितलं. बँकेत म्हणाले पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले बँकेचं स्टेटमेंट आणा. स्टेटमेंट नेलं तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला "ते वन्यजीव प्रकरण आहे, वनखात्यात जा." अरे पण तिथनंच आलोय ना! चार अर्ध्या दिवसांच्या रजा गेल्या. चोराने २५,१०० नेले, अपमान मात्र ह्यांनी फुकट केला.

१९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन मी बारा दिवसांनी केला, ती चूक माझी. पैसे पुढं सरकायच्या आत, त्याच तासाला करा. चॅट डिलीट करू नका, रागाने मी अर्धं केलं होतं. आणि श्रीखंडाचा डबा दिसला तर खोकं गाडीवाल्याच्या हातातच ठेवा.

डबे २७० चे, पिंकी ६०० चे, सापांना ऊब द्यायची हीट मॅट आणि थर्मोस्टॅट १,८५०. एकूण २७,८२०. दुकानदार मॅट परत घेत नाही. थंडी पडल्यापासून आई त्यावर दही लावते. घट्ट लागतं.