बडोद्याच्या दांडिया बाजारातले सलूनवाले काका (वेव्ही केस वाढवत असाल तर वाचा)

आधीच सांगतो, दुकानाचं नाव मला माहीत नाही. बोर्ड आहे, पण उन्हाने इतका उडालाय की त्यावर फक्त कैचीचं चित्र आणि मोबाईल नंबरातले शेवटचे तीन आकडे उरलेत. लकडी पुलाकडून सूरसागरकडे चालत यायला लागा, मधल्या एका गल्लीत पिठाची चक्की आहे, तिला लागूनच. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीचं डोकं टेकायचं सेलोटेपने बांधलेलं. काका साठीच्या पुढचे, गुजराती, पण आयुष्यभर आमच्या एरियातली मराठी डोकी हाताळून मराठी एकदम फर्डं बोलतात, चिडले की मात्र गुजरातीत जातात.

मी तिथे 14 महिने जातोय आणि एवढ्या काळात त्यांनी माझे केस एकूण पाचदा कापलेत, त्यातल्या दोनदा पैसेच घेतले नाहीत, म्हणे मी केलंय काय त्यात. मला वाटतं रिव्ह्यू इथेच संपायला हवा, पण थोडं मागचं सांगतो म्हणजे कळेल की हे एवढं विशेष का.

माझे केस दाट आणि वेव्ही. कुरळे नाहीत, सरळही नाहीत, कपाळापासून दोन बोटं सरळ जातात आणि मग मनाला येईल तिकडे वळतात. लहानपणापासून बाबांनी मिलिटरी कटच ठेवायला लावला त्यामुळे हे वळण आहे हेच मला तिशीपर्यंत माहीत नव्हतं, आई म्हणायची राठ आहेत, बस. मग मागच्या वर्षी ठरवलं वाढवायचे. तेव्हापासून बडोद्यात मला भेटणारा प्रत्येक माणूस विचारतो, फाइन आर्ट्सला आहेस का? नाही हो, मी पॉलिटेक्निकवाला, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, लेथ मशीनवर असतो.

तर सुरुवातीला मी शहाणपणा करून अलकापुरीतल्या एका एसी सलूनमध्ये गेलो. म्हंटलं वाढवायचेत, फक्त शेप द्या. तिथल्या मुलाने डोक्यात हात घातला, म्हणाला सर बहुत हेवी है, वॉल्यूम निकाल देता हूँ, आणि ती दातेवाली कैची काढली. खच खच खच, पाच मिनिटांत खाली एक मांजर बसल्यासारखा ढीग. वर ब्लो ड्राय, आरशात मी एकदम हिरो. 850 रुपये. पहिल्यांदा डोकं धुतलं आणि हिरो गेला. त्या दातेवाल्या कैचीने काय होतं की केसांच्या आतमध्ये ठिकठिकाणी आखूड तुकडे राहतात, सरळ केस असतील तर ते तुकडे लांब केसांखाली गपचूप पडून राहतात, पण वेव्ही केसात ते वळतात, उभे राहतात आणि वरच्या लांब केसांना ढकलतात. म्हणजे वॉल्यूम काढायला गेलेला माणूस वॉल्यूम वाढवून देतो. महिन्याभरात माझ्या डोक्याभोवती देवाच्या फोटोत असतं तसं वलय तयार झालं, फक्त तेजाचं नाही, झिपऱ्यांचं.

परत गेलो तर तिथे म्हणाले स्मूदनिंग करून घ्या, 6000. आता स्मूदनिंगचं असं आहे की केमिकलने केसांच्या आतले बंध तोडून सरळ करून परत बसवतात, जेवढे केस बाहेर आलेत तेवढेच सरळ होतात, मुळातून नवीन येणार ते आपल्या वळणाचेच. म्हणजे सहा महिन्यांनी वर लाटा आणि खाली खराटा. ज्याला केस वाढवायचेत त्याने हे करायचंच कशाला? मी निघून आलो.

मग एक दिवस आईचं दळण घेऊन चक्कीवर उभा होतो, डोक्यावर पीठ उडू नये म्हणून रुमाल बांधलेला, तो जरा काढला तर शेजारच्या दारातून आवाज, "ए भाई, आ कोणे बगाड्युं?" कुणी बिघडवलं. ओळख ना पाळख. मी काय बोलणार, जाऊन बसलो खुर्चीत.

आणि इथे मी पहिल्यांदा बघितलं की हा माणूस पाण्याची बाटली उचलतच नाहीये. बाकी सगळे आधी फुस फुस करून डोकं ओलं करतात. काकांनी कानामागची एक बट दोन बोटांत धरली, खाली ओढली आणि सोडून दिली. ती टुणकन वर गेली. पुन्हा दुसऱ्या बाजूची ओढली, सोडली. असं सात-आठ ठिकाणी, एक शब्द न बोलता, मान तिरकी करून, कापड दुकानात पन्हा बघतात तसं. मग म्हणाले, ओले असताना हे केस लांब दिसतात, सुकले की वर चढतात, आणि सगळे सारखे चढत नाहीत, तुझे डावीकडचे जास्त चढतात. ओले सारखे कापले तर सुकल्यावर वाकडे. मी 30 वर्षं या डोक्याबरोबर राहतोय, डावीकडचे जास्त वळतात हे मला कधी कळलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी फक्त मानेवरचे आणि कानाच्या कडेचे कापले. मी म्हंटलं काका वाढवायचेत. तर म्हणाले, "आमां कापवानुं नथी, गोठववानुं छे." कापायचं नाही, बसवायचं आहे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, पुढचे मागचे जवळपास सारखेच, पण मानेवरचे लगेच कॉलरला टेकतात आणि टाळूवरच्यांना तिथपर्यंत पोचायला वर्ष-दीड वर्ष लागतं. म्हणून सगळेच सोडून दिले की मधल्या काळात मागे शेपूट आणि वर गवत असं ध्यान होतं, आणि बहुतेक लोक तिथेच कंटाळून सगळं उतरवून टाकतात. मागचं थांबवून ठेवायचं आणि वरच्याला गाठू द्यायचं, एवढंच काकांचं टेक्निक. आणि दाटपणा कमी करायचाच असेल तर कैची उभी धरून फक्त टोकांना टोचत जातात. दातेवाली कैची त्यांच्याकडे आहे, खणात, मी विचारलं तर म्हणाले ती मिशीला.

चौथ्या ते सातव्या महिन्यात खरं सांगतो मी रोज हार मानायचो. हेल्मेट घातलं तरी हेल्मेट, काढलं तरी हेल्मेट. कारखान्यात सुपरवायझरने सांगितलं मशीनवर उभं राहायचं तर केस बांध नाहीतर कापून ये, आणि त्याचं बरोबरच आहे, लेथच्या फिरत्या चकमध्ये (काम पकडणाऱ्या जबड्यात) केस गेला तर पुढचं बोलायला नको. बांधायला पुरेसे लांब नव्हते म्हणून मे महिन्याच्या त्या उकाड्यात मी कापडी टोपी घालून उभा. घरी आईचं रोजचं, भूत दिसतोस. तीनदा मी काकांकडे सगळे काढा म्हणून गेलो, तीनदा त्यांनी मानेवरचे काढून परत पाठवलं, एकदा तर चहा पाजून. धंदा करणारा माणूस गिऱ्हाईकाला कापू नको म्हणतो हे मी पहिल्यांदा बघितलं. मग श्रावण लागला आणि आजी एकदम माझ्या पार्टीत आली, श्रावणात केस कापायचे नाहीत, पुढे पितृपक्षात तर नाहीच नाही. मधले गणपती सोडले तर आईला बोलायला जागाच राहिली नाही. नवरात्रात पहिल्यांदा गरब्याला केस बांधून गेलो, तेवढ्यातही दुसऱ्या फेरीपर्यंत घामाने अर्धे सुटून तोंडाला चिकटले होते, पण शेपूट म्हणावं अशी शेपूट होती.

आता काकांचं सगळंच ऐकू नका. ते म्हणतात एकदा टक्कल करून टाक, केस आणखी दाट येतील. येत नाहीत हो, केस कातडीच्या आतून येतो, कैचीला तिथपर्यंत पत्ताच नाही, फक्त कापलेलं टोक बोथट असतं म्हणून जाड वाटतं. आणि ते म्हणतात रोज तेल. मी ऐकलं आणि कोंडा इतका वाढला की काळा शर्ट घालणं बंद. कोंड्यामागे जी बुरशी असते ना ती टाळूवरच्या तेलावरच जगते, आपण तिला जेवायला घालत होतो. स्किनच्या डॉक्टरने बुरशी मारणारा किटोकोनाझोलचा शाम्पू दिला तेव्हा बसला. आता धुवायच्या आधी तासभर खोबरेल, तेसुद्धा खालच्या अर्ध्या केसांना, बस. मुळाशी आपलं आपलं तेल असतंच, वळणाच्या केसात ते खाली टोकांपर्यंत पोचत नाही, म्हणून टोकं कोरडी.

एक सल्ला मात्र त्यांचा सोन्यासारखा. सुक्या केसात कंगवा घालायचा नाही. कंडिशनर लावलेले असताना मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता खालून वर सोडवत यायचं आणि मग टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती बनियनमध्ये दाबून पाणी काढायचं. आई म्हणते बनियन डोक्याला बांधून बसतो, लाज आहे का. पण वळण काय पडतं!

दुकानाच्या तक्रारी पण आहेत. रविवारी गेलात तर दीड तास बसा, नंबर वगैरे काही नाही, जो आधी खुर्चीजवळ पोचला तो बसला. टीव्हीवर फुल आवाजात भजन नाहीतर क्रिकेट. कटिंगनंतर न विचारता चंपी सुरू करतात आणि शेवटी कानाखाली दोन चापट्या अशा देतात की डोळ्यांसमोर सयाजी गार्डन, म्हणून आधीच सांगायचं चंपी नको. टॉवेल सगळ्यांना तोच, मी घरून पंचा नेतो. ब्लेड मात्र दर वेळी तुमच्यासमोर नवीन मोडतात, त्याबाबतीत शंका नाही.

कटिंग 120. क्यूआर लावलाय पण तो मुलाच्या नावाचा, पैसे आले का हे विचारायला काका मुलाला फोन लावतात, मुलगा उचलत नाही, आणि तो उचलेपर्यंत तुम्ही दारात उभे. रोख न्या. सोमवारी बंद, मी दोनदा हेलपाटा मारलाय. मुलींचे केस कापत नाहीत, माझी बहीण जाऊन विचारून आली, तिचेही असेच केस आहेत, तेवढं वाईट वाटलं.

पाचपैकी चार देतो, एक चापट्यांचा कापला. आणि जाताना आदल्या दिवशी डोकं धुवून, तेल न लावता, न विंचरता जा, जसे पडतात तसे पडू देऊन. मी एकदा चापून चोपून भांग पाडून गेलो होतो, काकांनी बट ओढली, सोडली, ती तिथेच लोंबत राहिली, म्हणाले काले आव, उद्या ये, आणि मागच्या गिऱ्हाईकाला बसवलं.