सात महिने कराओके स्पीकर : सगळं लक्षात ठेवतो, माझी पट्टी सोडून

पाडव्याला एम. जी. रोडवरून घेतला. ७,२०० रुपये, दोन वायरलेस माइकसकट. वॅट, लाइट, ब्लूटूथ वगैरे खोक्यावर छापलेलंच आहे. परवा कोजागिरीला गच्चीवर फजिती झाली, म्हणून लिहायला बसलोय.

आधी हिशोब. सिडकोतल्या आमच्या कराओके ग्रुपमध्ये एका गाण्यामागे २०० रुपये वर्गणी. म्हणजे ३६ गाणी घरी म्हटली की पैसे वसूल. ते मे संपायच्या आतच झाले. खालच्या मजल्यावरचे काका साक्षीला आहेत.

आता मुद्दा. पट्टीचं बटण. एकदा दाबलं की ट्रॅक, म्हणजे गाण्याची भरलेली साथ, अर्धा स्वर खाली येतो. माझा गळा काळी एकचा (पेटीवरची पहिली काळी पट्टी), त्यामुळे रफीसाहेबांचं काहीही घेतलं तरी तीनदा दाबावं लागतं. (त्याहून खाली नेलं की बासरी सर्दी झाल्यासारखी वाजते.) इथवर ठीक. पण गाणं बदललं की बटण परत शून्यावर! आवाज लक्षात राहतो, एको लक्षात राहतो, ते डिस्कोचे लाल-निळे दिवेसुद्धा लक्षात राहतात. पट्टी तेवढी नाही.

कोजागिरीला मी तीन खाली करून ठेवलं होतं. मेहुण्याने मधेच ट्रॅक पुढे ढकलून परत आणला. रफीचं गाणं मुखड्यात कळू देत नाही, अंतऱ्यात उघडं पाडतं. तार सप्तकात गेलो तो तिथेच राहिलो. शेजारच्या वहिनींनी मसाला दुधाचा ग्लास पुढे केला, "भाऊजी, घसा ओला करा."

कराओकेच्या सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक १९७१ मध्ये जपानातल्या कोबे शहरात दाइसुके इनोऊए या वादकाने केलं. एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं, यांना जाणं शक्य नव्हतं, म्हणून साथ टेपवर भरून दिली, तिथून हे सुचलं. बिचाऱ्यांनी पेटंटही घेतलं नाही. म्हणजे त्यांच्या यंत्राचं मूळच एका माणसाच्या गाण्यासाठी केलेली सोय, आणि माझं यंत्र माझाच गळा विसरतं.

बाकी तक्रारींपैकी दोन मी मागे घेतो. शब्द आधी रंगतात आणि ढोलक मागून येतो, यावरून मी दुकानदाराशी भांडलो होतो. तो दोष ब्लूटूथचा. ९० रुपयांची ऑक्स वायर लावली, संपलं. दुसरी, माइक अंतऱ्यात तुटायचा. सर्व्हिसवाल्याने तपासणीचे ३०० रुपये घेतले आणि माझे भिंतीवरच्या घड्याळाचे स्वस्त सेल काढून अल्कलाइन घातले. माइक ठणठणीत. त्याच्याशीही मी तावातावाने बोललो होतो, पण चूक माझ्या कंजूषपणाची. तरी ३०० जास्तच.

बटणावरही भाच्याने उपाय काढला. मोबाइलवर एका ॲपमध्ये पट्टी बदलून ट्रॅक तसाच सेव्ह करायचा. आता माझ्या यादीत 'रफी, तीन खाली' अशा नावाच्या अकरा फायली आहेत. मग वाटलं, स्पीकरला उगाच नावं ठेवली.

पण युगुलगीतांचं काय? 'शुक्रतारा' घ्या, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचं. मी दोन खाली केलं की माझ्या ओळी सुखाने येतात, पण हिचा आवाज पार तळाला जातो, ऐकूच येत नाही. नुसत्या पुरुषाने गायचे, बाईचा आवाज आधीच भरलेले ट्रॅक मिळतात. तसा एक लावून पाहिला. घरात दोन दिवस अबोला.

तडजोड म्हणून आता एक खाली लावतो. आणि मी दूध गरम करायला आत गेलो की गाणं कसं कोण जाणे पुढे-मागे होतं आणि बटण शून्यावर येतं. हिच्या मते स्पीकरमध्ये काहीच दोष नाही. पाच स्टार तिचे, माझे साडेतीन.