चालक जनुके शोधताना कोणती पद्धत निवडावी?

एकाच ट्यूमरमध्ये शेकडो उत्परिवर्तने (डीएनएतील बदल) सापडतात, पण त्यांपैकी कर्करोगाला पुढे नेणारी मोजकीच असतात; ती ज्या जनुकांत होतात, तीच चालक जनुके. केवळ वारंवारता पाहिली, तर टीटीएन हे जनुक यादीत हमखास वर येते. त्याचे प्रथिन सुमारे ३४,००० अमिनो आम्लांचे आहे, तर टीपी५३ या ओळखीच्या चालक जनुकाचे ३९३. एवढ्या लांब जनुकात योगायोगानेही बदल होणारच. म्हणून अपेक्षित बदलांची संख्या कशी ठरवायची, यावर पद्धतीची निवड अवलंबून असते.

म्युटसिग-सीव्ही (२०१३) ही अपेक्षा जनुकाची अभिव्यक्ती (ते किती सक्रिय आहे) आणि पेशीविभाजनापूर्वी त्याची प्रत केव्हा तयार होते, यांसारख्या गोष्टींवरून बांधते. गंधग्राहकांची जनुके उगाच यादीत येणे त्यामुळे थांबले. मात्र ती मॅटलॅबवर चालते आणि तिला कव्हरेजचा (जनुकाचा किती भाग पुरेसा वाचला गेला याचा) तक्ताही पुरवावा लागतो, हे नवख्याला जाचक वाटते.

डीएनडीएस-सीव्ही (२०१७) अमिनो आम्ल बदलणाऱ्या उत्परिवर्तनांची तुलना न बदलणाऱ्या, म्हणजे मूक उत्परिवर्तनांशी करते. नमुना, गुणसूत्र, स्थान, मूळ बेस (डीएनएचे अक्षर) आणि बदललेला बेस असे पाच स्तंभ दिले की आर भाषेतील हे पॅकेज चालते. दोन ठिकाणी मात्र हटकून चूक होते. पॅकेज मुळात मानवी संदर्भ जीनोमची एचजी१९ ही जुनी आवृत्ती गृहीत धरते, त्यामुळे नव्या एचजी३८वरील स्थाने तशीच दिली तर बेस जुळत नाहीत. आणि फाइल ‘स्वच्छ’ करण्याच्या उत्साहात मूक उत्परिवर्तने आधीच गाळली, तर मोजमापाची पट्टीच हरवते.

केआरएएस जनुकाच्या प्रथिनात १२व्या किंवा आयडीएच१ जनुकाच्या प्रथिनात १३२व्या स्थानी बदल एकवटतात. असे पुंजके ऑन्कोड्राइव्ह-क्लस्ट नेमके टिपते, पण विखुरलेल्या बदलांनी निकामी होणारी ट्यूमर-रोधक जनुके तिच्या नजरेतून सुटतात.

हॉटनेट-२ प्रथिनांच्या परस्परसंबंधांच्या जाळ्यात उष्णता पसरावी तसा उत्परिवर्तनांचा प्रभाव पसरवून क्वचित बदलणाऱ्या जनुकांचे गट शोधते. भरपूर अभ्यास झालेल्या प्रथिनांचे जाळे साहजिकच दाट असते, त्यामुळे तिचे उत्तर मी पुरावा मानत नाही, सुगावा मानतो.

गाल-हिरडीच्या कर्करोगावरील २०१३च्या भारतीय अभ्यासात, ज्यात नवी मुंबईच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्राचा सहभाग होता, ५० रुग्णांच्या एक्झोमचे (जनुकांतील प्रथिने घडवणाऱ्या भागांचे) वाचन करून आणखी ६० रुग्णांमध्ये पडताळणी केली गेली. एवढ्या संख्येत टीपी५३ कोणत्याही पद्धतीने सापडेल. कस लागतो तो तीन-चार रुग्णांतच बदललेल्या जनुकांपाशी. शंभरेक नमुने हाताशी असतील, तर मी डीएनडीएस-सीव्हीपासून सुरुवात करीन, जोडीला पुंजके शोधणारी पद्धत चालवीन आणि जाळ्याकडे शेवटी वळेन. तोंडाच्या कर्करोगात मात्र ११व्या गुणसूत्रावरील सीसीएनडी१ या जनुकाच्या प्रती अनेकदा वाढलेल्या असतात, आणि हा बदल बिंदू-उत्परिवर्तनांच्या (एकेका अक्षराच्या बदलांच्या) यादीत उतरतच नाही. त्यासाठी प्रतींच्या संख्येतील बदल शोधणारे गिस्टिक वेगळे चालवावे लागते.