दीड लाखात मागचा शॉक: नवी साधी, जुनी भारी की हार्डटेल?

सायकल चालवणे सुटले आणि मध्ये अकरा वर्षे गेली. माळ्यावरची सायकल खाली काढली तेव्हा पुढच्या चिमट्याच्या नळ्यांवर गंजाचे ठिपके उमटलेले होते आणि टायरच्या कडांना चिरा पडल्या होत्या. सव्वीस इंची चाकाला चांगल्या प्रतीचा टायर मागायला गेलो, तर दुकानदाराने मुलांच्या सायकलींच्या रांगेकडे बोट दाखवले. २०१३-१४ च्या सुमारास डोंगरी सायकलींतून सव्वीस इंची माप मागे पडत गेले आणि साडेसत्तावीस व एकोणतीस इंची चाके रूढ झाली, हे मला ऐकून माहीत होते. मात्र त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. जुनी दुरुस्त करण्याचा बेत सोडला. नवीत मागेही शॉक हवा, हा निर्णय चाळिशी ओलांडलेल्या कमरेने परस्परच घेऊन टाकला होता.

माझ्यासारख्या परतणाऱ्याच्या हाती दीड ते पावणेदोन लाख रुपये असतील, तर त्याच्यासमोर तीन वाटा असतात: साध्या सुट्या भागांची नवी फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली) सायकल, आठ-दहा वर्षांपूर्वीची पण वरच्या दर्जाची वापरलेली सायकल, आणि मागे शॉक नसलेली चांगली हार्डटेल. चौथा पर्याय दुकानात सर्वांत पुढे मांडलेला असतो, म्हणून त्याचा निकाल आधी लावतो.

दहा-पंधरा हजारांत ‘ड्युअल सस्पेन्शन’ म्हणून जी सायकल मिळते, तिच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा नुसती स्प्रिंग असते. खऱ्या शॉकमध्ये स्प्रिंगच्या, किंवा स्प्रिंगचे काम करणाऱ्या दाबलेल्या हवेच्या, जोडीला तेल असते. ते बारीक छिद्रांतून ढकलले जाताना धक्क्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपात खर्ची पडते, आणि त्यामुळे दबलेला शॉक संथपणे मूळ जागी येतो. तेल नसेल तर दगडावर दबलेली स्प्रिंग तितक्याच जोराने स्वाराला वर फेकते. परीक्षा सोपी आहे. दुकानातच सीट दोन्ही हातांनी दाबून एकदम सोडावी. मागचे चाक जमिनीवरून उसळले तर पुढे काही विचारू नये. अशा सायकलीचे वजन बऱ्याचदा अठरा किलोच्या आसपास असते, आणि लिफ्ट बंद असलेल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्यातला किलो न् किलो मोजून होतो.

उरलेल्या तीन वाटांपैकी कोणती धरावी, हे मुख्यतः वर्षातले किती रविवार कुठे जाणार यावर ठरते, आणि हा हिशेब प्रामाणिकपणे मांडणारे फार थोडे. आरेतले रस्ते किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीपर्यंतचा डांबरी चढ एवढाच नित्याचा फेरा असेल, तर मागच्या शॉकसाठी दिलेले पैसे वाया गेले असे समजावे. खारघरच्या टेकड्यांवर किंवा येऊरच्या बाजूला, जिथे वन खात्याची परवानगी असेल तिथल्या कच्च्या वाटांवर त्याचा उपयोग जाणवू लागतो. लोणावळ्याहून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंतची सुमारे पंधरा किलोमीटरची वाट धरली, की तो नसल्याची किंमत दुसऱ्या दिवशी पाठ वसूल करते. काळ्या बसाल्टचे सुटे, कोनदार, नारळाएवढे धोंडे आणि पावसाने उकरलेले चर यांवर हार्डटेलचा स्वार उतारभर पेडलवर उभा असतो. मागे शंभर-एकशेवीस मिलिमीटर हलणारे चाक असेल, तर तोच स्वार मध्ये मध्ये बसू शकतो आणि ब्रेक लावताना मागचे चाक जमीन सोडत नाही. वीस वर्षांच्या मुलाला हा फरक चैनीचा वाटेल. परतणाऱ्याच्या बाबतीत मात्र पुढच्या रविवारी तो पुन्हा येणार की नाही, हे बऱ्याच अंशी यावरच ठरते.

आता नवी साधी आणि जुनी भारी यांची तुलना. सगळा गोंधळ इथेच होतो.

कागदावर जुनीचे पारडे जड दिसते. लाखभरात कार्बनची फ्रेम, वरच्या श्रेणीचा फोर्क (पुढचा चिमटा), तेरा किलोच्या आत वजन; आणि त्याहून जास्त पैशांत नवी घ्यावी तर ॲल्युमिनियमची फ्रेम, रॉकशॉक्स कंपनीच्या रेकॉनसारखा बत्तीस मिलिमीटर नळीचा साधा फोर्क आणि चौदा-पंधरा किलो वजन. मीही कांदिवलीच्या एका घरी अशीच एक जुनी सायकल पाहायला गेलो होतो. रंग सुरेख, साखळी नवी. मालकांनी चहा ठेवला तेवढ्यात मी मागचे चाक जमिनीवर ठेवून सीट धरून हलकेच वर-खाली केली, तर शॉकच्या टोकाशी ‘टक्’ असा बारीकसा आवाज आला आणि बोट लावल्यावर बोल्टभोवती खेळ जाणवला. बोल्टभोवतीचे बुशिंग, म्हणजे आतले कडे, झिजल्याचे हे लक्षण. तेवढेच असेल तर काम थोडक्यात भागते. पण तसाच खेळ मुख्य पिव्हटमध्ये, म्हणजे फ्रेमचा मागचा भाग ज्या सांध्यावर हलतो तिथे, निघाला, तर सगळी बेअरिंग काढून नवी ठोकावी लागतात, आणि फ्रेममधली बेअरिंगची खोबणच झिजली असेल तर त्या सायकलीला हात जोडावेत. त्या दिवशी चहा पिऊन मी परत आलो.

जुन्या सायकलीची खरी अडचण झिजेपेक्षा मापांची आहे. मागच्या शॉकची मापे पूर्वी इंचांच्या हिशेबाने ठरत. २०१६ पासून मेट्रिक मापे आली आणि नवे शॉक बहुतांशी त्याच लांबीत निघू लागले. मागच्या ॲक्सलची (चाकाच्या आसाची) रुंदी १४२ ची १४८ मिलिमीटर झाली, म्हणजे नवे चाक जुन्या फ्रेमला सरळ बसत नाही. म्हणून वापरलेली सायकल घ्यायचीच असेल तर एकोणतीस किंवा साडेसत्तावीस इंची चाक, १४८ चा मागचा ॲक्सल आणि मेट्रिक शॉक या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. तिन्ही असतील तरच किमतीची बोलणी सुरू करावीत. या चाळणीतून उतरलेली, म्हणजे साधारण २०१७ नंतरची सायकल नव्या साधीला खरोखर टक्कर देते. त्याआधीची कितीही देखणी असली तरी तिचा एक भाग मोडला की ती घरी बसते, आणि माझ्या माळ्यावर एक आधीच आहे.

दुसरा फरक बसल्यावरच कळतो. माझ्या जुन्या सायकलीचा पुढचा चिमटा जवळजवळ एकाहत्तर अंशांवर उभा होता, हँडल ६८० मिलिमीटरचे आणि स्टेम (हँडल धरून ठेवणारा तुकडा) हातभर लांब. आजच्या ट्रेल, म्हणजे कच्च्या डोंगरवाटांच्या, सायकलीत तो कोन सहासष्ट अंशांच्या आसपास असतो, हँडल ७८० चे आणि स्टेम जेमतेम बोटभर. परिणामी उतारावर पुढचे चाक आपल्या बरेच पुढे राहते आणि धोंड्याला अडून तोंडावर आपटण्याची भीती पुष्कळ कमी होते. बंद पडलेले कौशल्य परत मिळेपर्यंत ही ठेवणच सांभाळून घेते, आणि ती साध्यातल्या साध्या नव्या सायकलीतही असते. फोर्क पुढे कधीही बदलता येतो. फ्रेमचा कोन बदलता येत नाही. माझा कल नव्या साधीकडे झुकला तो या कारणाने.

गिअरची भीती मात्र अनाठायी आहे. पुढे एकच चकती पाहून ‘येऊरचा चढ कसा चढणार?’ असे मला वाटले होते. जुन्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर पुढे २२ आणि मागे ३४ दात्यांचा होता. नव्यात पुढे ३० आणि मागे ५१. एकोणतीस इंची चाक मोठे असल्याचा तोटा धरूनही दोन्ही जवळजवळ सारखेच पडतात. शिमानो डिओरेची ११ ते ५१ दात्यांची अकरा गिअरची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) मागच्या चाकाच्या नेहमीच्या फ्रीहबवर, म्हणजे चकत्या ज्यावर चढतात त्या भागावर, बसते, म्हणून महागड्या बारा गिअरपेक्षा मला ती सोयीची वाटते.

परवडणाऱ्या फुल सस्पेन्शनचा विषय निघाला की ज्यायंट स्टान्स, मरीन रिफ्ट झोन आणि पॉलिगॉन सिस्किउ ही नावे हमखास येतात. आपल्याकडे आयात मालावरच्या सीमाशुल्कामुळे त्यांची किंमत परदेशातल्या किमतीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. शिवाय कोणते मॉडेल केव्हा आणि कोणत्या मापात हाती लागेल, हे विचारूनच कळते. तरी रचनेतला एक फरक मुंबईकराने ध्यानात घ्यावा. रिफ्ट झोन आणि सिस्किउ यांच्या मागच्या त्रिकोणात ॲक्सलजवळही पिव्हट असतो. स्टान्समध्ये तिथे पिव्हट नसून नळीच किंचित लवते. खडकाळ वाटेवर पहिल्या दोघींची चाल अधिक मोकळी, पण स्टान्समध्ये गंजायला बेअरिंग कमी. वर्षातले चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने खारी हवा असलेल्या गावात हा मुद्दा क्षुल्लक नाही.

देखभालीचा आकडा दुकानात कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून तो इथे मांडतो. रॉकशॉक्सच्या वेळापत्रकाप्रमाणे फोर्कच्या खालच्या नळ्या आणि शॉकची हवेची टाकी दर पन्नास तासांनी उघडून साफ करावी लागते. आठवड्यातून दोनदा तीन-तीन तास सायकल चालवली तर पन्नास तास जेमतेम दोन महिन्यांत भरतात. हार्डटेलला यातले निम्मेच काम. आणि हे काम गल्लीतल्या सायकलवाल्याचे नव्हे. त्याचा हात छर्ऱ्यांवर आणि आऱ्यांवर कितीही चांगला बसलेला असला तरी शॉकचे सील त्याच्याकडे नसतात. एका मित्राचा शॉक हवा सोडू लागला, तेव्हा सीलचा संच बाहेरून येईपर्यंत सात आठवडे गेले आणि तेवढ्यात ऐन हिवाळा संपला. म्हणून सायकल पसंत करण्यापूर्वी दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: ‘या शॉकचे सील आज तुमच्याकडे आहेत का?’ उत्तर ‘मागवून देऊ’ असे आले, तर संच सायकलीसोबतच मागवून घरी ठेवावा. धुताना मोटारी धुण्याचा जोरदार फवारा पिव्हटवर मारू नये. बादली, मऊ ब्रश आणि फडके पुरते.

ब्रेकबाबत थोडक्यात. हायड्रॉलिक डिस्क हवेतच. त्यातही खनिज तेलावर चालणारे असतील तर बरे, कारण डॉट प्रकारचे द्रव हवेतला ओलावा शोषते आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही.

हार्डटेलची बाजू मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिच्याविरुद्ध बोलण्यासारखे फारसे नाही. सत्तर-ऐंशी हजारांत हवेचा फोर्क, हायड्रॉलिक ब्रेक आणि रुंद ट्यूबलेस टायर असलेली सायकल मिळते, आणि उरलेल्या पैशांत हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि गाडीवरचा रॅक येऊनही काही शिल्लक राहते. वर्षात राजमाचीसारख्या वाटेवर तीन-चारदाच जाणे होणार असेल, तर माझे मत नि:संशय हार्डटेलला आहे. महिन्यातून दोनदा कच्च्या वाटेवर जाणार असाल आणि पाठ कुरकुरत असेल, तर नवी साधी फुल सस्पेन्शन घ्यावी. वापरलेली घेण्याचा सल्ला मी फक्त त्यालाच देईन ज्याच्याकडे स्वतःची अवजारे आहेत, किंवा तशी अवजारे असलेला मित्र आहे.

नवी घ्यायला जाताना नेहमीच्या पाठपिशवीसह, पाण्याने भरलेल्या बाटल्यांसह जावे. आपल्या वजनाने शॉक किती दबतो हे दाखवायला त्याच्या नळीवर रबराचे बारीक कडे असते. ते सीलला टेकवून सायकलवर अलगद बसावे, न उसळता उतरावे आणि कडे किती सरकले ते मोजावे. शॉकची हालचाल पन्नास मिलिमीटरची असेल तर ते सुमारे पंधरा मिलिमीटर सरकायला हवे. कमी-जास्त झाल्यास शॉकच्या खास पंपाने हवा भरून किंवा सोडून पुन्हा मोजावे. साध्या पंपाने हे होत नाही, तेव्हा तो पंप बिलात धरूनच घ्यावा. आणि निघण्यापूर्वी आपल्या इमारतीच्या लिफ्टचे दार मोजून ठेवावे. आमच्या लिफ्टचे दार सत्तर सेंटिमीटरचे आहे आणि नव्या सायकलीचे हँडल अठ्ठ्याहत्तरचे. आता ती रोज मागच्या चाकावर उभी राहून, मान वाकडी करून चौथ्या मजल्यावर येते.